डाव्या हाताचा पीळ

दसऱ्याला भावानं नवी गाडी घेतली आणि त्याची जुनी गाडी माझ्याकडे आली.

भाऊ माझ्याहून धाकटा. नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीचं काम बघतो आणि तिथंच घर करून राहतो. मी लातूरला आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते. नवऱ्याची नोकरी औशाला, तो रोज बसनं जातो-येतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. तेव्हा गाडी हवी होती ती मला. भाऊ फोनवर म्हणाला, "अक्का, दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तूच घे की. घरची गाडी घरात राहील." रीतसर बाजारभावानं घेईन, या अटीवर मी हो म्हटलं. त्याच्याकडून मला फुकट काही नको होतं. त्याला मात्र जन्मापासून सगळं न मागता मिळत आलंय, असं माझं लहानपणापासूनचं ठाम मत होतं.

गाडी आणायला नांदेडला गेले तेव्हा दारात नवी पांढरी गाडी उभी होती. बॉनेटवरचा झेंडूचा हार अजून पुरता वाळला नव्हता. पुढच्या सीटवर अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यापासून ते भावाकडेच असतात. गाडी बंद, काचा खाली, आणि अण्णा नुसते समोर बघत बसलेले. मला बघून म्हणाले, "आलीस का? आत जा, चहा घे." उतरले नाहीत. मला ते टोचलं. माझं नवं घर बघायला किती वेळा बोलावलं तरी त्यांना सवड झाली नव्हती, आणि याच्या गाडीत ते सकाळपासून बसून होते.

मी निघाले तेव्हा मात्र उतरून जवळ आले. जुन्या गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "सांभाळून ने. हॉर्न लई येळ दाबून धरू नको."

"का हो?"

"न्हाई, असंच."

भाऊ मागून हसत म्हणाला, "अक्का, गाडीत सगळं हाय बघ, मीच बसवलंय. फॅन हाय, पायाशी निळ्या लाइटा हायत, हॉर्न तर ट्रकवालेसुद्धा बाजूला होत्यात असा. तुला काही म्हणता काही बसवायची गरज न्हाई."

लोहा मागं पडलं तेव्हा दिवस कलायला लागला होता. मी दिवे लावले. पुढं उसाची ट्रॉली डुलत चालली होती, म्हणून हॉर्न दाबला. हॉर्न वाजला, आणि त्याच क्षणी समोरचे दिवे मंदावले, डॅशबोर्डवरचा फॅन घरघरत थांबला. हॉर्न सोडला तसे दिवे परत उजळले. पुन्हा दाबून बघितलं, पुन्हा तेच. पुढं ब्रेक मारला तर पायाशी निळा उजेड पडला. त्या लाइटांचं बटण तर बंद होतं. अहमदपूरच्या अलीकडे जळका वास यायला लागला. एका चहाच्या हॉटेलसमोर गाडी थांबवून बॉनेट उघडलं आणि बॅटरीकडून येणाऱ्या एका वायरीला बोट लावलं. वायर चुलीवरच्या तव्यासारखी तापली होती.

हॉर्नची वायर तिथंच काढून टाकली आणि चाकूरमार्गे हळूहळू लातूर गाठलं. रस्ताभर मी चिडले असणार, असं कुणालाही वाटेल. मला आनंद झाला होता. भावानं आपल्या हातानं काहीतरी केलं होतं, ते वाईट केलं होतं, आणि ते आता माझ्या हातात आलं होतं.

याला कारण आहे. आमचं लहानपण लातूरजवळच्या मुरुडला गेलं. अण्णांचं तिथं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांच्याकडे यायच्या. जुनी तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, तिला वॉर्निश पाजून वाळवायची, हे त्यांचं काम. आजूबाजूच्या गावांतून लोक यायचे. अण्णांनी भरलेली मोटार पुन्हा येत नाही, असं बोललं जायचं. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि रिकामा डबा घ्यायचं निमित्त करून दारातच उभी राहायची. आत भाऊ असायचा. त्याला अण्णा जबरदस्तीनं बसवायचे. "हिकडं बघ. तार अशी धरायची. ताण सारखा ठेवायचा." भावाचं लक्ष बाहेरच्या क्रिकेटकडे. मी मात्र सगळं बघत होते. कोणत्या मोटारीला किती वेढे लागतात ते मला भावाच्या आधी पाठ झालं. एकदा तो चुकला तेव्हा मी दारातून बरोबर आकडा सांगितला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू घरी जा. अभ्यास कर. हात खराब होत्यात इथं."

त्या वाक्यात माया होती, हे मला आज कळतं. पण तेव्हा मला हात खराब करून घ्यायचे होते.

पुढं मी हट्टानं हाच ट्रेड घेतला, त्यातच शिकले, त्यातच नोकरीला लागले. अण्णा ओळखीच्यांना सांगायचे, "पोरगी मास्तरीण हाय लातूरला." काय शिकवते ते सांगायचे नाहीत. माझी कार्यशाळा बघायला ते कधी आले नाहीत. भावानं दुकान कधी चालवलं नाही, तरी अण्णांच्या तोंडी त्याचंच नाव. दुकान बंद केलं तेव्हा पक्कड, तार गुंडाळायचं यंत्र, सगळं त्यालाच मिळालं. त्यानं ते गोणीत भरून माळ्यावर टाकलं.

दिवाळीची सुट्टी लागली तशी मी घरापुढच्या ओसरीला लागून गाडी लावली, बॅटरीचं टोक काढलं आणि डॅशबोर्ड खोलायला घेतला. नवरा फराळाचं ताट घेऊन पायरीवर येऊन बसला.

"एवढं खोललंस, परत बसेल का?" त्यानं विचारलं.

"बसेल."

"गॅरेजला द्यायची की."

"हे मलाच करायचंय," मी म्हटलं. माझा आवाज ऐकून त्यानं फराळाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

आतली अवस्था बघून माझ्या वर्गातल्या पोरांनासुद्धा हसू आलं असतं. घराच्या भिंतीत घालतात ती लाल-काळी वायर गाडीत फिरवली होती. फॅनला वायर, त्या वायरीवरच निळ्या लाइटांची वायर, आणि तिच्यावरच हॉर्नची. एका माणसाच्या ताटात चारजण जेवायला बसावेत तशी गत. जिथं फ्यूज हवा तिथं तांब्याच्या तारांचा जाड जुडगा खोचलेला. म्हणजे काही बिघडलं तर फ्यूज जळायच्या ऐवजी गाडी जळणार. बॉनेटकडून आत येणारी वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती आणि कडेवर घासून तिचं आवरण सोललं होतं. जोडांवर चिकटपट्टीचे थरावर थर, उन्हानं वितळून काळ्या गुळासारखे झालेले. ड्रायव्हरच्या सीटखाली आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर सापडला. तो बघून मी मोठ्यानं हसले. काम करणाऱ्याचा स्वतःच्या कामावर किती भरवसा!

मी सगळ्याचे फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'मोटारी भरणाऱ्याच्या मुलाची कारागिरी.' मामेभावंडांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. एका मावशीनं लिहिलं, 'लेक वडिलांच्या वळणावर गेली, लेकाचं क्रिकेट झालं.' ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. भावानं हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि लिहिलं, 'तू शिकलीस ना, तूच नीट कर आता.' त्याला राग कसा येत नाही, याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डच्या अगदी आतल्या कोपऱ्यात फॅनचा पहिला जोड हाताला लागला. हा सगळ्यात जुना, कारण बाकीच्या वायरी नंतर यावर चढवलेल्या होत्या. चिकटपट्टी सोलली. आत पांढरा सुती दोरा होता. दोऱ्याखाली आवरणाची नळी, आणि नळीत तांब्याच्या तारा बोटांत बोटं गुंतवावीत तशा एकमेकींत घालून पिळलेल्या.

गाडीचं वायरिंग करणारं कुणी जोडावर सुती दोरा बांधत नाही. तो मोटारी भरणाऱ्याचा हात. आणि पीळ उलटा होता. आपण उजव्या हातानं पिळतो तेव्हा पीळ एका दिशेनं पडतो. हा दुसऱ्या दिशेचा होता.

अण्णा डावरे आहेत.

मी गाडीच्या पायदानावर बसले. मग काढून टाकलेल्या वायरींची बादली ओढली आणि एकेका जोडाची पट्टी सोलत गेले. सगळ्यांचा पीळ डावा. फॅनचा जोड अगदी मुरुडच्या दुकानातला, बघत राहावं असा. निळ्या लाइटांच्या जोडात तारा नीट गुंतल्या नव्हत्या, काही बाहेर राहिल्या होत्या. आणि हॉर्नच्या जोडाशी दोरा जोडावर नव्हताच. तो शेजारी, अखंड वायरीवर, नीट गाठ मारून बांधलेला होता. बांधणाऱ्याला आपण कुठं बांधतोय ते दिसलं नव्हतं.

मी भावाला फोन लावला. तो शोरूममध्ये होता, मागं इंजिनाचा आवाज होता.

"गाडीचं काम कुणी केलंय?"

"मीच की. सांगितलं ना तुला."

"खरं सांग. पीळ डावा आहे."

तो चालत कुठंतरी बाजूला गेला असावा, कारण आवाज कमी झाला. "तुला कळणारच होतं," तो म्हणाला. "आई गेल्यावर अण्णा इकडं आले तेव्हा नुसते भिंतीकडं बघून बसायचे. जेवण बी धड न्हाई. मग मी एकदा फॅन आणला आणि म्हटलं, अण्णा, एवढा बसवून द्या. माळ्यावरची गोणी काढली. त्या दिवशी पोटभर जेवले बघ. मग मी काही ना काही आणत गेलो. रविवार आला की आम्ही गाडीत."

"आणि त्यांना दिसत नव्हतं, ते तुला कळलं नाही?"

"कळलं की. म्हणून तर ते आग विझवायचं घेऊन ठेवलं सीटखाली."

"भाऊ, तुझी लेकरं बसत होती त्या गाडीत."

"हाव. चुकलं माझं. पण परत खोलून दुसऱ्याकडून करून घेतलं असतं तर त्यांना कळलं असतं ना, अक्का."

मी फोन ठेवला. अण्णांबद्दल वाईट वाटलं, ते वाटलंच. पण त्याच्याही वर काहीतरी उसळून आलं, आणि त्याला मत्सर हाच शब्द आहे. त्या गाडीत, त्या सीटवर, रविवार रविवार अण्णा भावाशेजारी बसले होते. याला लाल-काळी वायर कळत नाही, फ्यूज कशाला असतो ते कळत नाही, आणि अण्णांचे शेवटचे सगळे जोड याच्या वाट्याला आले. मला एक शब्द टाकला असता तर मी लातूरहून आले असते, त्यांच्या हाताखाली राहिले असते, त्यांच्या नकळत सगळं निभावून नेलं असतं. असं मी मला सांगत होते. खरं म्हणजे मी निभावून नेलं नसतं. मी पहिल्याच जोडाला म्हटलं असतं, अण्णा, हा चुकला.

भाऊबीजेला भाऊ नव्या गाडीतून आला. भावजय लेकरांना घेऊन माहेरी गेली होती, तेव्हा बरोबर फक्त अण्णा. माझ्या नव्या घरी ते पहिल्यांदाच येत होते, पण घराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. उतरले ते थेट जुन्या गाडीकडे गेले. डॅशबोर्ड उघडा, आतून तारा लोंबत होत्या, शेजारी बादली. भावजयीनं ग्रुपवरच्या फोटोंखालचं सगळं त्यांना वाचून दाखवलं होतं, हे मला नंतर कळलं.

"कुणी सांगितलं तुला खोलायला?" अण्णा म्हणाले.

"जळत होतं अण्णा."

"चाललेलं होतं की."

मी बादलीतली हॉर्नची वायर काढून त्यांच्या हातात दिली. ती डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बघितल्यासारखं केलं, पण काम बोटांनीच चाललं होतं. जळून कडक झालेल्या भागावरून अंगठा फिरला, जोडावर आला, तिथून शेजारच्या दोऱ्यावर गेला आणि थांबला.

मग अण्णा म्हणाले, "ह्ये भावानं केलेलं हाय. त्याला कितींदा सांगितलं, हॉर्नला पातळ वायर घालू नको म्हणून."

भाऊ तिथंच उभा होता, त्याच्या तोंडात करंजी होती. त्यानं ती गिळली आणि म्हणाला, "हाव, ते मीच केलं. तुम्ही झोपला होता तवा. घाई झाली जरा."

"ऐकत न्हाई हा कुणाचं," अण्णा मला म्हणाले.

"न्हाईच ऐकत मी," भाऊ म्हणाला आणि दुसरी करंजी उचलली.

मी त्याच्याकडे बघत राहिले. किती सहज बोलला तो. असं खोटं तो पहिल्यांदा बोलत नव्हता, हे सरळ दिसत होतं. ग्रुपवर सगळ्यांनी त्याची चेष्टा केली तेव्हाही त्यानं हातच जोडले होते. त्याला जे न मागता मिळालं असं मी म्हणत होते, त्यात हेही होतं की काय कोण जाणे. मला ते जमलं नसतं. मी त्याला ओवाळलं, पण ते निव्वळ मायेनं ओवाळलं असं मी म्हणणार नाही.

जेवणं झाल्यावर भाऊ निघाला, तेव्हा अण्णा म्हणाले, "मी ऱ्हातो हितं. हिचं काम बघतो. उगं काहीतरी करून ठेवंल." मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावली. देखरेखीला का होईना, ते माझ्याकडे राहणार होते.

मग रोज सकाळचं ऊन अंगणात आलं की मी गाडीत शिरायची आणि अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. मी बोलत बोलत काम करायची, वर्गात बोलते तशी. आता हॉर्नची वेगळी वायर ओढते. आता मध्ये रिले टाकते, म्हणजे बटणावर भार येणार नाही. प्रत्येकाला वेगळा फ्यूज. पत्र्याच्या भोकात रबर. त्यांनी कधी हूं म्हणावं, कधी काहीच नाही. मी वायरीच्या टोकाला धातूची टोपी घालून ती पकडीनं दाबली तेव्हा म्हणाले, "डाग देत न्हाईस?"

"गाडीत नाही देत. हादऱ्यानं तुटतो कथलाचा डाग. हे दाबलेलंच टिकतं."

त्यांनी हात पुढं केला. मी ते टोक दिलं. त्यांनी ओढून बघितलं, चांगलं जोरात, आणि परत दिलं. म्हणाले, "भावाचा फोन आला का?"

रोज हेच. मी काहीही दाखवलं की शेवटी, भावाचा फोन आला का. नवरा एकदा हळूच म्हणाला, "त्यांना सवय आहे गं त्याची." मी म्हटलं, "मला माहीत आहे कशाची सवय आहे ती." तो बिचारा बस पकडायला निघून गेला.

निळ्या लाइटा मी काढूनच टाकल्या. फॅनही काढणार होते. अण्णा म्हणाले, "त्यो ऱ्हाऊ दे." मग फॅन ठेवायचा ठरला. त्याची नवी वायर ओढून झाल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी दोन्ही टोकं त्यांच्यापुढं धरली. "हा जोड तुम्ही करा, अण्णा. मी बघते."

त्यांनी हात मांडीवरच ठेवले. "दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. धुरातनं बघावं तसं हाय."

"भावाला सांगितलंत?"

"न्हाई. त्याला कशाला. त्यो भेदरंल."

जोड मी केला. काम करताना त्यांच्या डोळ्यांचं वाईट वाटत होतं, पण आत कुठंतरी एक खुशीही होती आणि ती लपत नव्हती. भावानं नुसती ओळखलेली गोष्ट त्यांनी मला तोंडानं सांगितली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आत होते आणि तो बाहेर.

सुट्टी संपायच्या आत मी अण्णांना त्याच गाडीतून नांदेडला सोडायला गेले. वाटेत दिवे लावून हॉर्न वाजवला. दिवे जागचे हलले नाहीत. अण्णा फॅनचा वारा तोंडावर घेऊन अहमदपूर यायच्या आधीच झोपले.

ते आत गेल्यावर भाऊ बाहेर माझ्याजवळ थांबला. मी त्याला डोळ्यांचं सांगितलं. माझ्या आवाजात थोडा तोरा होता, मला तो ऐकू आला. भाऊ म्हणाला, "मोतीबिंदू असंल. मला वाटतच होतं. पण ते डॉक्टरचं नाव काढू देत न्हाईत." मग नव्या गाडीला टेकून म्हणाला, "हिला तर हात लावू देता येत न्हाई अक्का, वॉरंटी जाते. सकाळी येऊन बसतात नुसते. मला बघवत न्हाई."

मी चावी काढून निघायला वळले, तर तो म्हणाला,

"तुला एक सांगू का? मला दुकानात बसवायचे ना, तवा मी चुकलो की म्हणायचे, अक्का बघ, दारात उभी राहून शिकली, तुला मांडीवर घेऊन बी येत न्हाई. रोज म्हणायचे. तुझा लई राग यायचा मला. वाटायचं, ही डबा घेऊन येतेच कशाला?"

"मला कधी म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

"तुला कशाला म्हणतील."

भावाला लहानपणी माझ्यापायी बोलणी खावी लागली, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. परत येताना ते वाक्य मी घोळवत आले, चाकूर कधी गेलं कळलं नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन भावानंच करवलं. मी सुट्टी काढेपर्यंत त्यानं दवाखाना ठरवून अण्णांना दाखलसुद्धा केलं होतं. मी पोचले तेव्हा एका डोळ्याची पट्टी निघालेली होती आणि अण्णा घरी खाटेवर काळा चष्मा लावून बसले होते. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा कुणाचं तोंड बघितलं, ते मी विचारलं नाही. भाऊच होता तिथं.

चहा झाल्यावर अण्णा मला म्हणाले, "गाडी आणलीस का?"

"आणली."

"चावी दे."

डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. भावानं सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही. मी बॉनेट उघडून धरलं. अण्णांनी चष्मा कपाळावर सारला, वाकले आणि बॅटरीपासून सुरुवात केली. एकेक वायर बोटानं नव्हे, डोळ्यानं धरून ते आत आत गेले. रिलेपाशी थांबले. भोकातल्या रबराला नख लावून बघितलं. फ्यूजच्या डबीचं झाकण काढायला सांगितलं.

"ह्यो रिकामा कशाला?" त्यांनी विचारलं.

"पुढं काही बसवायचं असलं तर."

"हं."

झाकण त्यांनी स्वतः लावलं. मी वाट बघत होते. एवढ्या वर्षांची नाही म्हणत, पण त्या सकाळची तरी नक्की. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मान वळवून ओट्यावर उभ्या असलेल्या भावाला हाक मारली.

"हिकडं ये. ह्ये बघ. ह्याला काम म्हणत्यात. वायर कुठं वळवली बघ, कुठं मोकळी सोडली बघ. तुला म्हणून दाखवायलोय."

भाऊ चपला सरकवत आला आणि वाकला. अण्णा त्याला एकेक दाखवत होते, डाव्या हाताचं बोट माझ्या वायरींवरून फिरत होतं. मी बॉनेट धरून उभी होते आणि माझे हात भरून आले होते, पण खाली ठेवायची माझी तयारी नव्हती. भाऊ "हाव, हाव" म्हणत होता. मग त्याच्या खिशातला मोबाइल वाजला, तो काढून तो बघायला लागला, आणि मला त्याचा परत राग आला.